एक्स-रे निघाला, पण वाचणार कोण?

मागच्या गळीत हंगामातली गोष्ट. रात्रीचे साडेअकरा वाजले होते आणि मी एका दवाखान्यात ट्यूबलाइटसमोर दोन्ही हात वर करून उभी होते. हातात मामाच्या छातीची एक्स-रे फिल्म. ड्युटीवरचे डॉक्टर माझ्यापेक्षा फार तर तीन-चार वर्षांनी मोठे असतील. मोबाइल कधी आडवा, कधी उभा धरून ते त्या फिल्मचा फोटो काढत होते. "ताई, जरा डावीकडे घ्या... हां, आता चमक येत नाहीये." मग तो फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून पुण्यातल्या कुठल्या तरी सरांना गेला. एक टिक. दोन टिक. निळी काही होईना.

मामा बारामतीहून इंदापूरकडे यायला निघाला होता. रस्त्याच्या कडेला उसाची ट्रॉली उभी, मागे ना रिफ्लेक्टर ना दिवा. तुम्ही आमच्या भागातले असाल तर पुढचं सांगायची गरज नाही. रक्त फार गेलं नव्हतं, मामा नीट बोलत होता. फक्त "श्वास घेतला की डाव्या अंगाला टोचतंय गं" एवढंच सारखं म्हणत होता.

दीड तास आम्ही त्या निळ्या टिकेची वाट पाहिली. शेवटी डॉक्टर म्हणाले, रिस्क नको, पुण्याला हलवा. पुण्यात पोचेपर्यंत पहाट झाली. तिथल्या डॉक्टरांनी आम्ही नेलेली तीच फिल्म उजेडाच्या पेटीवर लावली आणि अर्ध्या मिनिटात म्हणाले, "यात दिसतंय की! फुप्फुसाच्या बाहेर हवा साठलीये." याला न्यूमोथोरॅक्स म्हणतात. छातीत नळी घातली, हवा काढली, आठवड्याभरात मामा घरी आला. ती हवा अँब्युलन्समध्ये वाढत गेली असती तर काय झालं असतं, हेही डॉक्टरांनी मला सांगितलं. मामीला मी ते अजून सांगितलेलं नाही.

खरा धक्का पुढे आहे. काही दिवसांनी कागदपत्रं आणायला मी त्या पहिल्या दवाखान्यात गेले. तिथले एक्स-रे काढणारे दादा भेटले. ते म्हणाले, "मशीन डिजिटल आहे ताई. मूळ फोटो त्या रात्री कम्प्युटरमध्येच होता, एकदम क्लिअर." मग तोच का नाही पाठवला? तर म्हणाले, "पाठवू कुणाला?"

हे "पाठवू कुणाला?" डोक्यातून जाईना. नेमकं त्याच दिवसांत मी पुरवणीच्या कामासाठी लष्कराच्या फिल्ड हॉस्पिटलबद्दल वाचत होते. म्हणजे युद्धाच्या किंवा भूकंपाच्या जागी तंबूत, नाहीतर शाळेच्या इमारतीत उभं राहतं ते रुग्णालय. आणि वाचता वाचता लक्षात आलं, की आमच्या तालुक्यातल्या रात्रीच्या प्रश्नावर लष्करी डॉक्टर सव्वाशे वर्षं विचार करतायत.

राँटजेन यांना एक्स-रेचा शोध लागला नोव्हेंबर १८९५मध्ये. दोनच वर्षांत, १८९७ला, ब्रिटिशांच्या हिंदुस्थानी फौजेबरोबर सर्जन-मेजर बीव्हर नावाच्या डॉक्टरांनी एक्स-रेचं यंत्र थेट वायव्य सरहद्दीवरच्या तिराहच्या मोहिमेत नेलं. डोंगरदऱ्यांतून, वीज नसताना. १८९८मध्ये सुदानमध्ये सर्जन-मेजर बॅटर्सबी यांनी तर दोघांनी चालवायच्या सायकलवर जनित्र बसवलं. माणसं पेडल मारायची, बॅटरी चार्ज व्हायची आणि गोळी हाडात कुठे अडकलीये ते दिसायचं. पहिल्या महायुद्धात मारी क्युरी यांनी गाड्यांमध्ये एक्स-रे बसवून त्या आघाडीच्या जवळ नेल्या, गाडीच्या इंजिनावर वीज तयार करायची सोय केली आणि दीडशेच्या आसपास बायकांना हे काम शिकवलं. त्यांची मुलगी आयरीन आघाडीजवळ हे काम करत होती तेव्हा अठरा वर्षांची होती. आपण अठराव्या वर्षी काय करत होतो, हा प्रश्न मी स्वतःला विचारलेला नाही आणि तुम्हीही विचारू नका.

एवढा आटापिटा कशासाठी? मला आधी वाटायचं, अचूक निदानासाठी. पण फिल्ड हॉस्पिटलमध्ये एक्स-रे काढतात तो मुख्यतः एक निर्णय घ्यायला. या जवानाला इथेच ठेवायचं, इथेच ऑपरेशन करायचं, की मागच्या मोठ्या रुग्णालयात हलवायचं? हलवायचं तर आत्ता, की सकाळी? लष्करात जखमी माणूस टप्प्याटप्प्याने मागे नेला जातो. पलटणीचं मदत केंद्र, मग पुढचं उपचार केंद्र, मग फिल्ड हॉस्पिटल, मग मोठं लष्करी रुग्णालय. प्रत्येक टप्प्यावर कोणीतरी ठरवावं लागतं, आणि अंदाजाने ठरवलं तर दोन्हीकडून नुकसान. गरज नसलेला माणूस हेलिकॉप्टरमध्ये जातो आणि गरज असलेला मागे राहतो.

आता हेलिकॉप्टरच्या जागी १०८ची अँब्युलन्स ठेवा. इंदापूर ते पुणे साधारण १४० किलोमीटर. जाऊन-येऊन पाच-सहा तास कुठेच गेले नाहीत. एखाद्याला "उगाच रिस्क नको" म्हणून पुण्याला पाठवलं, तर तेवढा वेळ तालुक्यातली एक अँब्युलन्स कमी होते. मधल्या काळात भिगवणजवळ हायवेवर दुसरा अपघात झाला, तर? म्हणजे न वाचलेला एक्स-रे फक्त माझ्या मामाला महागात पडत नाही. ज्याचा अजून अपघातही झालेला नाही, त्यालाही पडतो.

६ फेब्रुवारी २०२३ला तुर्कस्तानात भूकंप झाला, तेव्हा भारतीय लष्कराचं ६० पॅरा फिल्ड हॉस्पिटल तिथे गेलं होतं. 'ऑपरेशन दोस्त' आठवत असेल. एका तुर्की बाईने आपल्या लष्करातल्या महिला अधिकाऱ्याला मिठी मारलेला फोटो तुम्ही तेव्हा शेअरही केला असेल. ९९ जणांची तुकडी, इस्केंदेरुन शहर, ३० खाटा आणि सोबत एक्स-रेची यंत्रणा. दोन आठवड्यांच्या आत साडेतीन हजारांहून जास्त रुग्ण तपासून ती परतही आली. परक्या देशात, थंडीत, भाषा येत नसताना. (हीच तुकडी १९५०मध्ये कोरियात गेली होती. माघारीच्या वेळी सामान सोडून द्यायची वेळ आली, तर या लोकांनी एक जुनं रेल्वे इंजिन शोधलं, बादल्यांनी पाणी भरून ते चालू केलं आणि आपली सगळी सामग्री घेऊन निघाले. कुणीतरी यावर सिनेमा काढा राव.)

पण सगळ्यात जास्त भावलं ते सियाचीनचं. तिथे प्रत्येक चौकीवर तज्ज्ञ डॉक्टर पाठवणं शक्यच नाही. म्हणून २०१८मध्ये इस्रो आणि संरक्षण दलांच्या वैद्यकीय विभागात करार झाला. आधीच्या २० टेलिमेडिसिन केंद्रांत आणखी ५३ची भर घालायची, त्यात सियाचीनसारखी उंचावरची ठिकाणंही. रुग्ण तिथेच, तज्ज्ञ खाली मोठ्या रुग्णालयात आणि मधे उपग्रह. रेडिओलॉजीत हेच केलं की त्याला टेलिरेडिओलॉजी म्हणतात. फोटो एका गावात काढायचा, वाचायचा दुसऱ्या गावात.

तुम्ही म्हणाल, मग व्हॉट्सअ‍ॅप वेगळं काय करतं? मलाही तसंच वाटायचं. पण फरक खूप मोठा आहे. डिजिटल एक्स-रेच्या मूळ फाइलमध्ये काळ्या-पांढऱ्याच्या मधल्या चार हजारांहून जास्त छटा असू शकतात. वाचणारा डॉक्टर त्या स्क्रीनवर कमी-जास्त करून कधी हाड नीट बघतो, कधी फुप्फुस. फिल्मचा मोबाइलवर फोटो काढला की उरतात २५६ छटा, वर ट्यूबलाइटची चमक, वर व्हॉट्सअ‍ॅपने केलेली काटछाट. फुप्फुसाबाहेरच्या हवेची कडा म्हणजे केसाएवढी बारीक पांढरी रेघ असते. सगळ्यात आधी नाहीशी होते ती तीच. म्हणजे पुण्यातल्या त्या सरांनी मेसेज बघितला असता तरी कदाचित "नॉर्मल वाटतंय" असंच उत्तर आलं असतं. हे मला नंतर कळलं आणि मग मी त्यांच्यावर चिडणं सोडून दिलं. ते झोपलेले असतील. झोपायचा त्यांना हक्क आहे, कारण त्या रात्री तो फोटो वाचणं हे त्यांचं काम नव्हतंच. ते कुणाचंच नव्हतं.

आणखी एक. त्या फिल्मच्या कोपऱ्यात मामाचं नाव आणि वय छापलेलं होतं. ते किती जणांच्या मोबाइलमध्ये राहिलं असेल, कुणास ठाऊक.

नेट नाही म्हणून जमत नाही, हे कारण मी ऐकून घेणार नाही. छातीच्या एक्स-रेची मूळ फाइल दहा-वीस एमबीची. तुमच्या एखाद्या रीलएवढी. सीटी स्कॅन मोठा असतो. एक काप साधारण अर्ध्या एमबीचा, असे पाचशे काप धरले तर अडीचशे एमबी. वेबसिरीजचा एक एपिसोड. इंदापूरच्या स्टँडवर बसून पोरं अख्खी मॅच बघतात आणि एक एक्स-रे जात नाही?

माणसं नाहीत, हेही अर्धंच खरं. बेंगळुरूमधली टेलिरेडिओलॉजी सोल्युशन्स ही संस्था २००२पासून परदेशातल्या रुग्णालयांचे स्कॅन वाचते. अमेरिकेत मध्यरात्र असते तेव्हा आपल्याकडे दिवस असतो, म्हणून तिकडच्या इमर्जन्सीमधला सीटी इकडचा जागा असलेला डॉक्टर वाचतो. आपल्या पुण्यातच कृष्णा डायग्नोस्टिक्स ही कंपनी इतर राज्यांतल्या सरकारी रुग्णालयांतले स्कॅन एका ठिकाणी बसून वाचायची सोय चालवते. पुण्यातच एएफएमसी आहे, १९४८पासून लष्करासाठी डॉक्टर घडवणारं कॉलेज. म्हणजे अमेरिकेतली रात्र आपल्याकडे वाचली जाते, दूरच्या राज्यातला स्कॅन पुण्यात वाचला जातो आणि पुणे जिल्ह्यातल्या इंदापूर तालुक्यातली रात्र तशीच राहते. मला हे पटत नाही. तुम्हाला पटतं?

आमच्या वर्गातल्या एका मित्राला हे सांगितलं तर तो म्हणाला, "सोप्पंय, एआय वाचेल ना!" एआय खरंच वाचतं. मुंबईच्या क्युअर डॉट एआयसारख्या कंपन्यांची सॉफ्टवेअर्स छातीचे एक्स-रे तपासतात. २०२१मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने टीबीच्या तपासणीसाठी अशा सॉफ्टवेअरच्या वापराला मान्यता दिली. डिसेंबर २०२४मध्ये सुरू झालेल्या १०० दिवसांच्या टीबी मोहिमेत हातात धरायची छोटी एक्स-रे यंत्रं गावोगावी गेली. काही यंत्रं तर साडेतीन किलोची आहेत, आपल्या कॉलेजच्या सॅकपेक्षा हलकी. पण ती शिफारस नीट वाचा. टीबीसाठी आणि १५ वर्षांवरच्या लोकांसाठी. रात्री साडेअकराला बरगड्या मोडलेला माणूस समोर असताना सॉफ्टवेअर फार तर म्हणेल, "हा फोटो आधी बघा." ते फार मोलाचं आहे. पण "नळी घाला" असं लिहून खाली सही करणारा माणूस लागतोच. फोटोंच्या ढिगाऱ्यातून आधी कुठला बघायचा ते एआय सांगेल, पण बघणाराच नसेल तर रांग लावून उपयोग काय?

एक गोष्ट मात्र लष्कराकडून जशीच्या तशी उचलता येणार नाही, आणि ती का, हे आपल्याला माहीत असायला हवं. लष्करी डॉक्टर आता हातात मावणारं सोनोग्राफी यंत्र घेऊन फिरू शकतो. पोटात रक्तस्राव झालाय का, हृदयाभोवती रक्त साठलंय का, हे तो जखमीच्या शेजारी गुडघे टेकून दोन-चार मिनिटांत बघतो. आपल्याकडे कुणा डॉक्टरला असं यंत्र बॅगेत टाकून अपघाताच्या जागी जाता येत नाही. नोंदणी झालेल्या रुग्णालयाच्या आवारात तिथल्या रुग्णांसाठी किंवा नोंदणीकृत फिरत्या वैद्यकीय पथकातच ते वापरता येतं. कारण आपण या यंत्राचं काय केलं, ते जगजाहीर आहे. गर्भलिंग तपासणीविरुद्ध देशात पहिला कायदा महाराष्ट्राने केला, १९८८मध्ये. केंद्राचा आला १९९४ला. तरी सहा वर्षांखालच्या मुलींचं प्रमाण हजार मुलग्यांमागे १९९१मध्ये ९४६ होतं, ते २०११च्या जनगणनेत ८९४वर आलं. बीडमध्ये तर ८०७. म्हणून सोनोग्राफीवरचे निर्बंध सैल करा, असं मी म्हणणार नाही. मुलगी म्हणून तर नाहीच. पण याचा अर्थ असा, की जखमीच्या जवळ जाऊ शकणारं एक यंत्र आपण आपल्या कर्माने बांधून ठेवलंय. मग उरलेल्या दोघांचा, एक्स-रे आणि सीटीचा, पुरेपूर वापर करणं आपल्याला जास्तच भाग आहे.

कुणी म्हणेल, लष्कराची शिस्त वेगळी, ती नागरी रुग्णालयात कुठून आणायची? अहो, आपण ती दरवर्षी आणतो! जून-जुलैमध्ये तुकोबारायांची पालखी उंडवडी, बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी असा मुक्काम करत जाते. त्या दिवसांत आमच्याकडे रस्त्याच्या कडेने जे उभं राहतं ते दुसरं काय असतं? तंबू, औषधांच्या पेट्या, डॉक्टरांची पाळी, जागोजागी अँब्युलन्स. आज कुठलं पथक कुठे, रात्री कोण जागं, कुणाला कुठल्या रुग्णालयात न्यायचं, सगळं आधी ठरलेलं. बेलवाडीच्या रिंगणात कुणाला भोवळ आली तर "पाठवू कुणाला?" असं कुणी विचारत नाही. मग पालखी सराटीहून नीरा नदी ओलांडून पुढे जाते आणि आम्ही तंबू गुंडाळतो. ऊस तुटायला लागतो, ट्रॉल्या रस्त्यावर येतात, आणि अपघातांच्या त्या महिन्यांत मात्र प्रत्येक जण आपल्या नशिबावर.

माझं म्हणणं फार मोठं नाही. नवीन इमारत नको, कोनशिला नको. बारामतीत २०१९पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. इंदापूरपासून पन्नासेक किलोमीटर. इंदापूर, भिगवण, निमगाव केतकीकडून रात्री येणारे अपघाताचे एक्स-रे आणि सीटी मूळ फाइलच्या रूपात एका ठिकाणी जावेत. ते ठिकाण बारामती असो नाहीतर पुणे. तिथे त्या रात्री वाचणाऱ्याचं नाव ड्युटीच्या यादीत असावं. अपघाताच्या फोटोला अर्ध्या तासात लेखी उत्तर, खाली सही. सोबत रुग्णाला काय झालं ते दोन ओळींत इथून जावं, कारण नुसता फोटो पाठवला तर वाचणाराही अर्धा आंधळा असतो. या रात्रपाळीचे वाचणाऱ्याला वेगळे पैसे मिळावेत. फुकटच्या व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्टरांच्या भलेपणाची परीक्षा पाहणं बंद करू या. आणि नेट गेलं तर कुणाला फोन करायचा, तो नंबर एक्स-रेच्या खोलीत भिंतीवर चिकटवलेला असावा. लष्करात याला कुणी क्रांती म्हणणार नाही, साधी पाळीची यादी म्हणतील.

आणि एक्स-रेच्या खोलीतल्या त्या दादांबद्दल दोन शब्द. फोटो तिरका निघाला, श्वास नीट धरायला लावला नाही, तर जगातला कुठलाही तज्ज्ञ तो वाचू शकत नाही. फिल्ड हॉस्पिटलमध्येही हेच खरं आहे आणि आपल्याकडेही. सायन्स घेऊन "नीट नाही निघाली, आता काय?" म्हणत बसलेल्यांनी मेडिकल इमेजिंगच्या पदवीकडे जरा बघा. मी मास कॉमला आहे, मला फुकट सल्ले देता येतात.

तुमच्यासाठी एक काम आहे, आणि ते रीलवर कमेंट करण्याइतकंच सोपं आहे. आपापल्या तालुक्याच्या रुग्णालयात जा आणि नीट, नमस्कार करून विचारा: रात्री दहानंतर काढलेला एक्स-रे कोण वाचतं? नाव सांगितलं तर लिहून घ्या. "व्हॉट्सअ‍ॅप करतो" म्हणाले तर तेही लिहा. घरातल्या कुणाचा एक्स-रे किंवा सीटी काढला तर फिल्मबरोबर मूळ फाइल मागा, सीडीवर किंवा पेनड्राइव्हवर. मी गेले दोन महिने हा प्रश्न ओळखीच्या प्रत्येकाला विचारतेय. सगळ्यात जास्त वेळा मिळालेलं उत्तर आहे, "सकाळी सर येतात ना."

मामा आता ठणठणीत आहे. गाडीच्या डिकीत लाल रिफ्लेक्टर पट्टीचा रोल ठेवतो. रस्त्यात अंधारात उभी ट्रॉली दिसली की थांबतो, मागे पट्टी चिकटवतो आणि ड्रायव्हरला बरगड्या दाखवतो.